चार बोल्ट, गुरुवार

गुरुवार. महावितरणचा हक्काचा वार.
दिवे नाहीत, नळ कोरडे,
सहकारनगरच्या पार्किंगमध्ये भर दुपारी संध्याकाळ.
टॉर्च दातांत धरून मी आडवी पडलेय
फ्रीजच्या पुठ्ठ्यावर,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या जर्मन गाडीशेजारी.

जिन्यावरून आगाशेकाका:
"चेन पडली का गं?"
हिला चेन नसते, काका.
"नसते कशी? मग चालते कशी?"
आतून, म्हटलं. आतून चालते.
ते न पटून दळणाचा डबा घेऊन गेले
आणि गिरणी बंद म्हणून तसेच परत आले.

रबराची बाही मागे सारली
की दिसते ती जागा
जिथे गिअरबॉक्स शाफ्टचा हात धरतो.
चार बोल्ट. बारा कंगोऱ्यांची डोकी.
चारही एकदम कधीच दिसत नाहीत;
मागचं चाक फिरवायचं,
एक समोर येतो, बाकीचे अंधारात जातात.
आणि पाना लावला की कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा,
नाहीतर बोल्टऐवजी अख्खा शाफ्टच फिरतो.

ब्रेकवर लाजरस मास्तर.
प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेत,
चप्पल माझ्या कानाशी.
काचबिंदूने दोन्ही डोळे नेले,
रास्ता पेठेतलं गॅरेज मालकाने नेलं,
तिथे आता मोमो मिळतात.
वीस वर्षांपूर्वी ते आडवे असायचे
आणि मी पेडलवर:
"दाब गं. सोड. दाब म्हटलं ना!"
आता मी म्हणते, दाबा.
दाबतात.

प्रत्येक डोक्यावरून फ्लँजवर उतरलेली
एक लाल रेघ आहे.
एस्तेरबाईंचं नेलपॉलिश.
ससूनमध्ये ड्युटीवर नखं रंगवलेली चालत नसत,
म्हणून बाटली गॅरेजात आली,
आणि बाई गेल्यावरही पुरली बरीच.
पहिला बोल्ट: रेघ सलग.
दुसरा: सलग.
तिसरा:

मी टॉर्च दातांतून काढला.
"काय झालं?"
रेघ तुटलीय, मास्तर.
"किती?"
तांदळाच्या दाण्याएवढी.

वरच्या मजल्यावर कुणीतरी लसूण ठेचत होतं.
खूप वेळाने ते म्हणाले,
"टॉर्कपाना शब्बीरने नेला होता त्या दिवशी.
तो मी मनगटावर सोडला."

चौथा सलग होता. पण एक हलला
की चारही काढायचे, हे त्यांनीच शिकवलेलं.
नवे बोल्ट पुडीतून काढले, लांबी जुन्याशी ताडून पाहिली;
दोन सूत जादा असला तरी मागे घासतो.
"वायसर घालू नकोस हं.
मध्ये वायसर आला की कळत नाही
सैल कोण आहे."

पेट्रोलचा बोळा हातात घेतला आणि थांबले.
वास गेला असणार त्यांच्यापर्यंत.
"पूस," ते म्हणाले.
"तेलकट राहिलं तर धरणार नाही."
फ्लँजवरच्या अर्ध्या रेघा
आधी गुलाबी झाल्या, मग नुसत्या फडक्यावर.

पान्याचा काटा चाळीसवर.
दाबा. कट्.
सोडा. चाक फिरवलं. दाबा. कट्.
आवाज ते ओठांनी मोजत होते.
चौथ्याला पाना निसटला, बोटाचं साल गेलं,
मी एक शिवी दिली, ते हसले,
पुन्हा दाबा. कट्.

"खूण कसली करतेयस?"
व्हाइटनरची.
"पांढरी?"
हो.
"दिसेल?"
दिसेल.
"बरं. पाचशे किलोमीटर झाले की परत बघ."
सोडा आता, मास्तर, झालं.
पाय तसाच पेडलवर होता.

साडेपाचला लाइट आली, पंप सुरू झाला,
रिक्षात बसताना त्यांनी जुने बोल्ट मागितले नाहीत.
मीही दिले नाहीत.
चारही जीन्सच्या खिशात राहिले असणार,
कारण शुक्रवारी पाणी आलं
आणि मशीन फिरायला लागल्याबरोबर
आत काहीतरी सैल वाजू लागलं.
मी पोळी तव्यावर टाकून धावले.